माजघरातला दिवा बदलताना

दिवाळी जवळ आली की घरोघर जळमटे काढली जातात, भिंतींना रंग लागतो, आणि त्या झाडलोटीत छतावरचा एखादा काळवंडलेला होल्डर किंवा लुकलुकणारी ट्यूब डोळ्यांत खुपू लागते. बाजारात नव्या एलईडी दिव्यांच्या रांगा मांडलेल्या असतात. वायरमनला निरोप धाडावा तर तो ‘उद्या येतो’ म्हणून आठवडा घालवतो. मग घरातील कोणीतरी पदर किंवा बाह्या खोचून स्टुलावर चढते. दोन स्क्रू, दोन तारा आणि अर्धा तास, एवढेच तर काम! ते दिसायला इतके लहान आहे की त्यातील धोका सहसा ध्यानात येत नाही.

हे काम घरच्या घरी सुरक्षितपणे कसे करावे आणि कोणत्या क्षणी ते सोडून द्यावे, हे प्रस्तुत लेखात सांगायचे आहे. परंतु त्याआधी आमच्या घरी १९७९ साली काय घडले ते सांगितले पाहिजे. पुढचे बहुतेक नियम आम्ही त्या एका संध्याकाळी शिकलो.

वाटणीत न आलेली तार

आमचे घर ग्वाल्हेरला, लष्कर भागात. आजोबांच्या वेळचा दुमजली वाडा, मध्ये चौक, आणि वर लांब दगडी फळ्यांचे, इकडच्या भाषेत पटियांचे, छत. १९६४ साली आमचे वडील अण्णा आणि धाकटे काका यांच्यात वाड्याची वाटणी झाली. माजघर आमच्याकडे आले, त्याला लागून असलेली ओसरी काकांकडे गेली. मध्ये भिंत उठली, दोन चुली झाल्या, विजेचे दोन मीटर लागले. कागदोपत्री वाटणी अगदी चोख होती. छताखाली लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारांची वाटणी मात्र कोणी केली नाही.

१९७९ च्या दिवाळीपूर्वी अण्णांनी माजघरासाठी दुधी काचेचा एक गोळा आणला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि स्टूल धरून उभा राहण्याचे काम माझ्याकडे होते.

“बटण बंद केलेस?” त्यांनी विचारले.

“केले,” मी म्हणालो. आणि ते खरे होते. दिवा विझलेला समोर दिसत होता.

अण्णा काटेकोर गृहस्थ. तेवढ्यावर न विसंबता त्यांनी जिन्याखालच्या मेन स्विचमधला चिनी मातीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला, आणि मगच ते वर चढले. जुन्या होल्डरची तार सोडवताना त्यांच्या तोंडून शब्दही निघाला नाही. हात आखडला, मान मागे गेली आणि ते स्टुलासकट खाली आले. खाली दगडी फरशी होती. खुब्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी नंतर सांगितले, ‘पडले म्हणून वाचले. तार हातात राहिली असती तर कठीण होते.’ पडल्याचा आवाज ऐकून काका पलीकडून धावत आले. त्यापूर्वी दोन वर्षे त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध वायरमनने सगळी पट्टी तपासली, तेव्हा दोन गोष्टी उघडकीस आल्या. पहिली अशी की माजघरातल्या त्या दिव्याला वीज येत होती ती काकांच्या मीटरवरून. अण्णांच्या खिशातला फ्यूज खरा होता, पण तो आमच्या इतर खोल्यांचा होता. दुसरी अशी की त्या दिव्याचे बटण चुकीच्या तारेवर बसवलेले होते. बटण बंद केल्यावर दिवा विझे, पण होल्डरपर्यंत वीज तशीच उभी राही.

पंधरा वर्षे आमच्या माजघराच्या दिव्याचे पैसे काका भरत होते आणि दोन्ही घरांत कोणाला त्याचा पत्ता नव्हता. काकांकडचा फ्यूज उडाला की आमच्या माजघरात अंधार होई. पण त्या काळी गावातली वीजच इतक्या वेळा जाई की त्याचा कोणी विचार केला नाही. अण्णा पुढची सारी वर्षे काठी घेऊन चालले.

बटण नेमके काय करते?

घरातल्या प्रत्येक दिव्याकडे निदान दोन तारा जातात. एक फेजची, जिच्यातून २३० व्होल्टचा दाब येतो, आणि दुसरी न्यूट्रलची, जिच्यातून प्रवाह परत जातो. दोन्ही जोडलेल्या असतील तरच दिवा लागतो. म्हणून यांपैकी कोणतीही एक तोडली तरी दिवा विझतो. बटण फेजच्या तारेवर असेल तर ते बंद केल्यावर सहसा होल्डर निर्जीव होतो. तेच न्यूट्रलच्या तारेवर असेल तर दिवा विझतो खरा, पण होल्डरमधल्या पितळी टोकापर्यंत वीज येऊन थांबलेली असते. तिला जमिनीकडे जाण्याची वाट हवी असते, आणि ती वाट आपले शरीर होऊन बसते.

नियमाप्रमाणे बटण फेजवरच हवे. पण जुन्या घरांत अनेक हातांनी अनेक वेळा केलेल्या दुरुस्त्यांत तारांची अदलाबदल झालेली असते. याचे एक चिन्ह हल्लीच्या घरांत सहज दिसते. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा अंधारात अगदी मंद तेवत राहतो. बटणातच लहान लाल दिवा असेल तर त्याच्यामुळेही असे होते. पण तसा दिवा नसताना हे दिसले तर बटण न्यूट्रलवर असल्याचा संशय घ्यावा आणि वायरमनकडून ते तपासून घ्यावे.

याचा अर्थ एवढाच की विझलेला दिवा म्हणजे तोडलेली वीज नव्हे. ही दोन सत्ये वेगळी आहेत, आणि वर चढण्यापूर्वी आपल्याला दुसऱ्याची खात्री हवी असते.

फ्यूज माणसासाठी नसतो

‘फ्यूज आहे ना, काही झाले तर उडेल,’ असे पुष्कळ लोक म्हणतात. आकडे पाहिले की या समजुतीतला भ्रम कळतो. १०० वॅटचा जुना बल्ब सुमारे ४३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या हातातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला तरी स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सुटत नाही. त्याहून थोडा अधिक प्रवाह छातीतून काही काळ गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. दिव्यांच्या लाइनवरचा फ्यूज असतो ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा. बल्बाच्या मानाने अल्पसा प्रवाह जीव घेऊ शकतो आणि फ्यूजला त्याची वार्ताही लागत नाही. हल्लीच्या एमसीबीची गोष्टही तीच. फ्यूज आणि एमसीबी तार जळू नये म्हणून असतात.

माणसासाठी असते ते आरसीसीबी नावाचे उपकरण. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर क्षणार्धात वीज तोडते. त्यावर ‘टी’ असे अक्षर असलेले एक बटण असते. ते अधूनमधून दाबून उपकरण खरोखर तुटते का, हे पाहत जावे. ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी नव्या झुंबरापूर्वी त्यासाठी पैसे बाजूला काढावेत, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. तथापि एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना हात लागले तर तेही माणसाला ओळखू शकत नाही. म्हणून ते असले तरी पुढची सावधगिरी टळत नाही.

काम आपले आहे का?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी याबाबत एक रेषा आखून दिली होती. घरातल्या वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, मात्र दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांसारख्या वस्तू जशाच्या तशा बदलणे यातून वगळलेले होते. अट एवढीच की त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हाच अर्थ कायम राहिला. गृहस्थाने ही रेषा मनात पक्की ठेवावी. जुना दिवा काढून त्याच जागी तसाच दुसरा लावणे हे घरचे काम. नवी तार ओढणे, दिव्याची जागा बदलणे, एका दिव्याचे चार करणे, हे वायरमनचे काम.

भाराचा हिशेब सोपा आहे. वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २० वॅटचा एलईडी दिवा एक दशांश अँपिअरही घेत नाही. तेव्हा बल्ब काढून एलईडी लावल्याने तारांवरचा भार कमीच होतो. उलट साठ-साठ वॅटच्या आठ बल्बांचे हौशी झुंबर दोन अँपिअरांहून अधिक घेते. दिव्या-पंख्यांच्या एका लाइनवर दहापेक्षा अधिक ठिकाणे किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा, असा वायरमन मंडळींचा जुना दंडक आहे. तो ओलांडला जात असेल तर आधी विचारावे.

वीज तोडण्याचा क्रम

काम दिवसा करावे. खिडकीतून उजेड येत असावा, हाताशी एक टॉर्च असावी, आणि घरात दुसरे जाणते माणूस असावे. अंघोळीनंतर ओल्या केसांनी किंवा ओल्या हातांनी वर चढू नये. दिवाळीच्या तोंडावर भिंतींना नुकताच रंग दिलेला असतो. ती ओल सुकू द्यावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की जो दिवा काढायचा तो आधी लावावा. तो बिघडला असेल तर त्यात चांगला बल्ब घालून लावावा. हा चांगला बल्बही लागेना तर ही कसोटी उपलब्ध नाही असे समजून काम वायरमनवर सोपवावे. दिवा जळत ठेवून मेन स्विच बंद करावा, आणि त्याच क्षणी तो दिवा विझला हे दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहावे. अण्णांनी बटण आधी बंद केले, म्हणून मेन तोडल्यावर दिवा विझतो की नाही हे पाहण्याची संधीच उरली नाही. तो जळत असता तर फ्यूज खिशात घालूनही जळतच राहिला असता, आणि सारे प्रकरण तेथेच उघड झाले असते.

आजच्या घरांत या कसोटीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे इन्व्हर्टर. मेन बंद होताच तो काही क्षणांत स्वतःहून सुरू होतो, आणि त्यावर बहुधा छतावरचे दिवे आणि पंखेच जोडलेले असतात. मेन पाडून निश्चिंत मनाने वर चढलेल्या माणसाच्या हातात पुन्हा तेच २३० व्होल्ट येतात. म्हणून आधी मेन, मग इन्व्हर्टर, असे दोन्ही बंद करावेत. छतावर सौर पट्ट्या आणि बॅटरी असेल तर तीही तोडावी. दिवा विझेपर्यंत काय काय बंद करावे लागले, ते लक्षात ठेवावे. ‘लाइट गेलेली आहे, तेवढ्यात उरकून घेऊ’ हा विचार तर कधीच करू नये. गेलेली वीज परत येताना कोणाला विचारत नाही.

फ्यूज असेल तर काढून खिशात ठेवावा. एमसीबी असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी डकवावी आणि घरातल्या सर्वांना, मोलकरणीसह, तसे सांगावे. जुन्या बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांना फ्यूज असत. त्यांतला न्यूट्रलचा तेवढा काढला तर दिवा विझतो, पण फेज जागच्या जागी राहते. म्हणून एकट्या फ्यूजवर विसंबू नये. दोन्ही तारा एकदम तोडणारा मेन स्विचच बंद करावा.

टेस्टरचा भरवसा

पेचकसासारखा दिसणारा निऑन टेस्टर घरोघर असतो. त्याच्या टोकाला वीज लागली आणि मागच्या टोपीवर बोट असले की आतला लाल ठिपका उजळतो. तो उजळला तर वीज आहे हे नक्की. पण तो उजळला नाही तर वीज नाही, असे मात्र नक्की म्हणता येत नाही. टेस्टर बिघडलेला असेल, खोलीत लख्ख ऊन असेल, किंवा आपण कोरड्या लाकडी शिडीवर रबरी चपला घालून उभे असू, तर ठिपका इतका क्षीण असतो की दिसत नाही.

म्हणून मेन बंद करण्यापूर्वी चालू सॉकेटमध्ये टेस्टर लावून तो उजळतो हे पाहावे. मग मेन बंद करून वर चढावे, दिव्याचे झाकण उतरवावे, आणि आतल्या प्रत्येक तारेला तो लावून पाहावा. फक्त दोघींना नव्हे, दिसतील तेवढ्या सर्व तारांना. जुन्या सीलिंग रोझमध्ये पुढच्या खोलीकडे जाणारी तिसरी तार पुष्कळदा असते. ठिपका एकदाही उजळला तर खाली उतरावे आणि तो दिवस तेथेच संपला असे समजावे. काम झाल्यावर वीज सुरू केली की टेस्टर पुन्हा चालू सॉकेटमध्ये लावावा. तेव्हा तो उजळला नाही तर मधल्या परीक्षेला काही अर्थ नव्हता, आणि टेस्टर फेकून द्यायचा, हे त्यातून कळते.

शिडी आणि पाय

विजेच्या धक्क्याइतकीच माणसे शिडीवरून पडून जायबंदी होतात, आणि किरकोळ धक्काही माणसाला खाली पाडायला पुरेसा असतो. शिडी लाकडी, कोरडी आणि न डुगडुगणारी असावी. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी शिडी या कामाला वापरू नये. टेबलावर स्टूल आणि स्टुलावर आपण, हा प्रकार तर साफ वर्ज्य समजावा. दिवा डोळ्यांच्या पातळीला यावा इतके उंच चढता आले पाहिजे. टाचा उंचावून आणि मान मागे टाकून काम करताना तोल जातो. हत्यारे खिशात कोंबण्यापेक्षा खालच्या माणसाने एकेक हातात द्यावीत. काचेचा गोळा सर्वांत आधी उतरवून खाली द्यावा.

जुने काढणे, नवे जोडणे

जुनी जोडणी सोडवण्यापूर्वी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवावा. कोणती तार कोठे होती हे दहा मिनिटांनी आठवत नाही. मग जुन्या दिव्याच्या तारा एकेक करून सोडवाव्यात.

रंगांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे घरगुती जोडणीत फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी तार वापरण्याची रीत आहे. नव्या दिव्यांबरोबर येणाऱ्या लवचिक तारांत मात्र पुष्कळदा तपकिरी ही फेज, निळी ही न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी ही अर्थिंग असते. जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नये. आमच्या माजघरात ज्या तारेने घात केला ती काळीच होती.

तारेचे टोक जेवढे कनेक्टरमध्ये जाईल तेवढेच, साधारण ८ ते १० मिलिमीटर, सोलावे. उघडे तांबे कनेक्टरच्या बाहेर दिसता कामा नये. सर्वांत आधी अर्थिंगची तार जोडावी. दिव्याचे अंग धातूचे असेल तर ती टाळणे म्हणजे संकट टांगून ठेवणे होय. मग न्यूट्रल, मग फेज. फिरकीच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्यांना जोडायची असते. उलट झाले तर बल्ब फिरवताना बोटे जिवंत धातूला लागू शकतात. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर तार हलकेच ओढून पाहावी. सैल जोड तापतो, ठिणग्या टाकतो आणि लाकडी पट्टीवर असेल तर आगीला निमंत्रण देतो. दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळण्याची सवय सोडून द्यावी.

१९७० च्या आसपासच्या पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत. दिसायला त्या रुपेरी असतात, दोन-चारदा वाकवल्या की तुटतात, आणि तांब्याच्या तारेशी थेट पिळल्या तर तो जोड कालांतराने सैल होऊन तापतो. तेथे वायरमनच्या सल्ल्याने योग्य कनेक्टर वापरावा.

दिवा कशाला टांगला आहे?

ग्वाल्हेरकरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. जयाजीराव शिंदे यांच्या काळात १८७४ साली उभ्या राहिलेल्या जयविलास महालाच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन. ती टांगण्यापूर्वी छत पेलेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कथेतला तपशील काहीही असो, तिच्यातले शहाणपण लाखमोलाचे आहे. आधी आधाराची परीक्षा, मग दिवा!

आपल्या घरी हत्तीची गरज नाही, बादली पुरते. दिवे तयार करणाऱ्यांच्या कसोट्यांत टांगत्या दिव्याच्या आधारावर दिव्याच्या चौपट वजन तासभर ठेवून पाहतात. दिवा तीन किलोचा असेल तर बारा लिटर पाण्याची बादली हुकाला तासभर टांगून ठेवावी. खाली जुनी गादी टाकावी आणि मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नये. हुक जरासाही हलला, वाकला किंवा भोवतीचा चुना झडला, तर तो आधार निकामी समजावा. दगडी पटियांच्या किंवा जुन्या लाकडी तुळयांच्या छतात नवे भोक पाडणे हे मिस्त्रीचे काम आहे. आणि दिव्याचे वजन कधीही तारेवर येऊ देऊ नये. ते हुकाने किंवा साखळीने पेलावे; तार थोडी सैल असावी.

हात मागे घेण्याचे प्रसंग

पुढीलपैकी काहीही दिसले तर तारांना हात न लावता झाकण परत बसवावे आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. तारेवरचे रबर हात लागताच भुग्यासारखे झडते, किंवा त्यावर जुन्या पद्धतीची सुती वीण आहे. होल्डरजवळचे लाकूड काळे पडले आहे. छतात ओल आहे. तारांची संख्या अपेक्षेपेक्षा अधिक आहे. अर्थिंगची तारच नाही आणि नवा दिवा धातूचा आहे. मेन बंद करूनही दिवा जळतो आहे.

हा शेवटचा प्रसंग आपल्यासारख्यांच्या घरांत दुर्मीळ नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, कोठेही जा; आजोबा-पणजोबांनी बांधलेली घरे भावाभावांत वाटली गेली, काही खोल्या भाडेकरूंना गेल्या, मीटर वाढले, भिंती सरकल्या. तारा मात्र पुष्कळदा होत्या तेथेच राहिल्या. अशा घरात राहणाऱ्यांनी एका सुटीच्या दिवशी एक साधा प्रयोग करावा. दोन्ही बाजूंचे सर्व दिवे लावावेत, मग एकेक मेन बंद करून कोणाच्या मेनने कोणते दिवे विझतात याची यादी करावी आणि ती बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावी. तासाभराचे काम आहे, आणि शेजारच्या बिऱ्हाडाशी दोन शब्द बोलणेही होते.

धक्का बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये, ओढणाराही चिकटतो. प्रथम मेन बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जमिनीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याचा हात तारेपासून दूर सारावा. तो निपचित पडला असेल आणि श्वास चालत नसेल तर ११२ किंवा १०८ वर फोन करण्यास दुसऱ्याला सांगावे आणि स्वतः छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाब देणे सुरू करावे. दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत सुमारे दोन इंच खोल असावा. मदत येईपर्यंत थांबू नये. पडून मानेला किंवा पाठीला मार लागला असेल तर उगाच उचलाउचल करू नये. आणि माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे. हृदयावरचा परिणाम वरून दिसत नाही.

दोन माणसे, दोन मेन

अण्णांच्या अपघातानंतर महिन्याभरात वाड्यातल्या साऱ्या तारा नव्याने घातल्या गेल्या. खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा केला. वाटणीनंतर त्यांनी मिळून केलेले ते पहिलेच काम. तेव्हापासून एक रीत पडली. वाड्याच्या कोणत्याही भागात दिवा बदलायचा असला की दोन्ही बाजूंचे मेन बंद होतात, आणि प्रत्येक मेनपाशी त्या त्या घरचे एक माणूस उभे राहते. नवी जोडणी पक्की असल्याने आता त्याची तितकी गरज नाही, असे तरुण मंडळी म्हणतात.

गेल्या दिवाळीत माजघरातली ट्यूब काढून एलईडी लावायचा होता. काकांचा नातू शिडीवर चढायला निघाला. “आजोबा, बटण बंद केलंय,” तो म्हणाला.

मी त्याला खाली बोलावले, बटण पुन्हा लावायला सांगितले आणि जिन्याखाली जाऊन आमचा मेन बंद केला. ट्यूब विझली. मग पलीकडून त्याच्या आजीने हाक दिली, “आमचाही बंद केला, चढू दे त्याला.”

आता अण्णा नाहीत, काकाही नाहीत. मुलगा वर चढला, त्याने प्रत्येक तारेला टेस्टर लावून पाहिला, आणि पाऊण तासात दिवा बसवून सुखरूप खाली उतरला. दिवेलागणीला दोन्ही मेन चालू झाले.